हिरवळीवरची सायकल

दोस्तांनो, खेळून आल्यावर सायकल दारातच टाकून घरात पळायची सवय कुणाकुणाला आहे? हात वर करा पाहू! राल्फीलाही होती. तेवढ्यावरून त्याच्या घरावर केवढं संकट आलं, ते 'द डेस्परेट अवर्स' या १९५५ सालच्या कृष्णधवल चित्रपटात दिसतं. दिग्दर्शक विल्यम वायलर.

अमेरिकेतलं इंडियानापोलिस शहर. तुरुंगातून पळालेले तीन कैदी लपायला घर शोधताहेत. एका घरापुढच्या हिरवळीवर लहान मुलाची सायकल पडलेली दिसते, आणि त्यांचा म्होरक्या ग्लेन तेच घर पक्कं करतो. का सांगा बरं? घरात लहान मूल असलं, की आईबाप पोलिसांना बोलवायला धजणार नाहीत, हा त्याचा हिशेब!

झालं. राल्फी, मोठी बहीण सिंडी, आई, बाबा, सगळे ओलीस. बाहेर मात्र कुणाला संशय येता कामा नये. म्हणून बाबांनी रोजच्यासारखं ऑफिसात जायचं, काही घडलंच नाही असा चेहरा ठेवून! मारामारीपेक्षा हे बघतानाच जास्त धडधडतं.

राल्फी शाळेत आला नाही म्हणून त्याच्या बाई घरी चौकशीला येतात. (इथे मी सरसावून बसले, बरं का!) राल्फी निबंधाच्या वहीतून हळूच चिठ्ठी पाठवू बघतो. बाबा ती जाऊ देत नाहीत. राल्फीला वाटतं, बाबा घाबरले. पण घराला पोलिसांचा वेढा पडला तर आधी कुणाच्या जिवावर बेतेल, हे बाबांना पक्कं ठाऊक असतं.

ग्लेन झालाय हम्फ्री बोगार्ट. १९३६ सालच्या 'द पेट्रिफाइड फॉरेस्ट'मध्येही त्याने ओलीस धरणारा गुंड रंगवला होता. पण मला विचाराल तर भाव खाऊन जातो तो बाबा झालेला फ्रेड्रिक मार्च.

मूळ कादंबरी जोसेफ हेज यांची. १९५२ साली पेनसिल्व्हानियात तीन पळालेल्या कैद्यांनी एका कुटुंबाला खरोखरच १९ तास ओलीस धरलं होतं. ते कैदी मात्र सौजन्याने वागले, कुणाला इजा झाली नाही.

चित्रपटातला ग्लेन तसा नाही. शेवटी तो राल्फीवरच पिस्तूल रोखतो. ते त्याने बाबांकडूनच हिसकावलेलं असतं, आणि बाबांनी त्यातल्या गोळ्या आधीच काढलेल्या असतात. बाबा म्हणतात, ते रिकामं आहे, पळत ये माझ्याकडे. आता राल्फीने काय करावं? घाबरलेल्या बाबांचं ऐकावं?

तो धावत सुटतो.