पास

विहारात संध्याकाळी मी पोरांना इंग्रजी शिकवतो. परवा एका पोरीनं डिक्शनरी माझ्यापुढं ढकलली. म्हणाली, "दादा, ह्या 'पास'चे अर्थ बघा किती! नेमका धरू कुठला?"

मी म्हटलं, सगळे धर. ह्या एका क्रियापदात आपला अर्धा इतिहास आहे.

पहिला अर्थ वस्तीत सगळ्यांना पाठ. परीक्षा पास होणं. माझी आई अंगठा लावायची, पण निकालाच्या दिवशी दारातच विचारायची, "पास का नापास?" १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले तेव्हा सत्काराची सभा भरली होती. एक पोरगा पास झाला, पण उंबरा सगळ्यांनी ओलांडला.

दुसरा अर्थ ठरावाचा, कायद्याचा. इथं सावध व्हा. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, पण मराठी माणूस बरोबर फरक करतो. आपण पास 'होतो', ते पास 'करतात'. घाम एकाचा, शिक्का दुसऱ्याचा.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले! १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला. झालं काय? कागद खुला, तळं बंद. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांत पास झाला. तिकडं हात वर झाले, इकडं मराठवाड्यात आपली घरं पेटली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. मधली सोळा वर्षं कुणी मोजायची?

म्हणजे तिसरा अर्थ आला. न थांबता पुढून निघून जाणं. स्टॉपवर आपण हात करतो आणि बस पास होते, तसं. ठराव पास झाला म्हणतात तेव्हा विचारा, कुठल्या अर्थानं? मंजूर झाला, का आपल्याला टाकून पुढं गेला?

इंग्रजीत मरणालाही हाच सभ्य शब्द आहे. पण १९७८ साली पोचीराम कांबळे 'पास' झाले नाहीत. त्यांना मारण्यात आलं. सभ्य शब्दाखाली खून झाकू देऊ नका.

आता मला टोचणारा अर्थ. आपण जे नाही ते म्हणून खपून जाणं. अमेरिकेत उजळ कातडीचे काळे लोक गोरे म्हणून जगत, त्याला 'पासिंग' म्हणत. नेला लार्सनची १९२९ ची कादंबरी त्याच नावाची आहे. आपल्याकडं ह्याला रोकडा शब्द आहे, जात चोरणं. बाबुराव बागुलांनी १९६३ सालीच तो पुस्तकाच्या नावात मांडला.

मीही चोरली. शहरात नोकरी लागली, खोली बघत होतो. मालकानं आडनाव विचारलं. मी गावाच्या नावाला 'कर' जोडून सांगितलं. खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो आठ महिने ट्रंकेत, कपड्यांखाली. आई भेटायला आली तेव्हा दारातच मी तिला म्हटलं, मालकासमोर जयभीम करू नको. ती काही बोलली नाही. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं परत गेली. मी पास झालो होतो!

चोरी माझी खरी. पण कुलूप कुणाचं? जो आडनाव विचारून खोली देतो, त्याला कुणी चोर म्हणत नाही.

पास म्हणजे परवानाही. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला स्वतःच्या देशात फिरायला पासबुक लागे. २१ मार्च १९६० ला शार्पविलचे लोक पास घरी ठेवून पोलीस ठाण्यासमोर गेले. म्हणाले, करा अटक. पोलिसांनी गोळ्या घातल्या. अधिकृत आकडा ६९. तो कायदा जायला १९८६ साल उजाडलं.

दोस्तांनो, जिथं आपली गाठ ह्या शब्दाशी पडते, तिथं एक दार आहे आणि दारात एक माणूस बसलाय. आपण फक्त त्याच्या मानेकडं बघायचं, हलते का?

परीक्षा पास व्हाच. ती सोडू नका, ती बाबासाहेबांनी दिलेली वाट आहे. पण पास झालात की आडनाव लपवू नका. ठराव पास झाला की गुलाल उधळू नका. विचारा, पाणी कधी? नाव कधी? तारीख सांगा.

२० मार्च १९२७ ला महाडात ठराव होऊन तीन वर्षं झाली होती. बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. कुणाची मान हलायची वाट बघितली नाही. त्या पोरीला मी सांगितलं, 'पास' शीक. पण पहिलं 'चालणं' शीक.

आई, तुझा राहिलेला जयभीम इथं घे.

जयभीम.