कलाविद्यार्थ्याच्या कामाचा हिशेब

कलाशाळांची वार्षिक प्रदर्शने भरतात, तेव्हा भिंतींवर लावलेली चित्रे आणि चौथऱ्यांवर मांडलेली शिल्पे पाहून प्रेक्षक समाधानाने परततो. परीक्षकही बहुधा या पूर्ण झालेल्या कामावरूनच गुण देऊन मोकळा होतो. मात्र वर्षभरात विद्यार्थ्याने काय करून पाहिले, काय फसले, कोणती कल्पना त्याने तिसऱ्या खेपेस सोडून दिली आणि ती का सोडली, याचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. पुष्कळदा विद्यार्थीही तो स्वतःकडे मागत नाही. हा दोष वरवर किरकोळ वाटला, तरी त्याचे परिणाम खेड्यातील शाळेच्या चित्रकलेच्या तासापर्यंत पोहोचतात.

चित्र, शिल्प आणि रेखांकन या तिन्हींचा स्वभाव असा, की पूर्ण झालेले काम आपला पूर्वेतिहास झाकून टाकते. तैलचित्रात चुकलेल्या थरावर दुसरा थर चढतो आणि चूक दिसेनाशी होते. शिल्पात तर मूळच उरत नाही. सळईच्या सांगाड्यावर विद्यार्थी आठवडेच्या आठवडे मातीकाम करतो. मग त्यावर प्लास्टरचा साचा चढवून आतील माती काढून टाकतो आणि साच्यात ओतलेले प्लास्टर घट्ट झाले, की तो साचाही छिन्नीने फोडतो. शिल्प हाती येते. ज्या मातीशी झगडा झाला, ती पुन्हा हौदात जाते. त्यातल्या त्यात रेखांकन प्रामाणिक. कोळशाची पुसलेली रेघ कागदावर अंधुकपणे राहतेच. पण असे कागद वर्षअखेर रद्दीत जमा होतात. या साऱ्या प्रवासाचा साक्षीदार मग एकच उरतो, तो म्हणजे स्वतः विद्यार्थी. त्यानेच मागे वळून पाहिले नाही, तर शिकलेलेही हातचे निसटते.

वळून पाहण्याने काय साधते, हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. बसलेल्या माणसाचे रेखांकन करताना ज्याला शरीराचा भार दाखवता येत नाही, त्याला तोच भार मातीत काम करताना उमगतो. कारण सांगाडा चुकला, की आकृती कलते किंवा खचते. त्यानंतर रंगकामाला बसल्यावर तो बाह्यरेषेवर समाधान न मानता आकृतीचे वजन शोधू लागतो. हा धडा कोणत्याही एका वर्गात सांगितला जात नाही. तीन कामे शेजारी ठेवून विचार करणाऱ्यालाच तो सापडतो.

अशा आत्मपरीक्षणाला मराठीत परंपरा नाही, असे मुळीच नाही. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत म. वि. धुरंधर १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आले, पुढे तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. त्या काळाचा वृत्तान्त त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या ग्रंथात लिहून ठेवला. त्याच संस्थेत शिकलेल्या प्रभाकर बरवे यांनी 'कोरा कॅनव्हास' या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात चित्रनिर्मितीमागील विचारांचा शोध मराठीतूनच घेतला. चित्राविषयी बोलण्यास मराठी अपुरी पडत नाही, हे दाखविण्यास एवढे पुरे आहे. मात्र ही पुस्तके त्यांच्या प्रौढ वयातील आहेत. अशा चिंतनाची सवय विसाव्या वर्षीच का लागू नये, हा खरा प्रश्न आहे. आज विद्यार्थ्यांकडून निवेदन मागितले जाते, तेथेही उसन्या इंग्रजीतील 'अस्मितेचा शोध' आणि 'अवकाशाशी संवाद' असली ठोकळेबाज वाक्ये येतात. त्यांत ना विद्यार्थी दिसतो, ना त्याचे काम.

यावर आक्षेप घेतला जाईल, की चित्राने बोलावे, चित्रकाराने बोलू नये. प्रेक्षकांपुरते ते खरेच आहे. परंतु येथे अपेक्षा आहे ती चित्राचा अर्थ जगाला समजावून सांगण्याची नसून, आपण घेतलेले निर्णय स्वतःपुरते तपासण्याची. ज्याची भाषा चांगली तोच पुढे जाईल, ही दुसरी भीती अधिक गंभीर आहे. ग्रामीण भागातून आलेला, हात तयार असलेला पण लिहिताना बिचकणारा विद्यार्थी यात मागे पडता कामा नये. म्हणून भाषेला गुण नसावेत, बोलीत सांगितलेलेही चालावे आणि शिक्षकाने शेजारी बसून ते ऐकावे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कलाशिक्षण घेतलेल्यांपैकी अनेकजण शाळेत चित्रकला शिक्षक होतात आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुलांची तयारी करून घेतात. स्वतःचे चित्र कोठे व का बिघडले, हे ज्याने कधी पाहिले नाही, तो मुलांच्या वस्तुचित्रातील चूक खोडून देईल, पण चुकीचे कारण सांगू शकणार नाही. त्याच्या हाताखाली मुले नक्कल शिकतील. निरीक्षण शिकणार नाहीत. शिवाय आता संगणकाला दोन ओळी सांगताच चित्र तयार होते, निवेदनही तयार होते. अशा वेळी केवळ पूर्ण झालेल्या कामावरून विद्यार्थ्याची पारख करणे अधिकच धोक्याचे आहे.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक कामासोबत टाकून दिलेली रेखाटने जोडावीत. साचा घेण्यापूर्वी मातीच्या शिल्पाची छायाचित्रे काढून ठेवावीत. त्यासाठी हातातला मोबाईल पुरेसा आहे. एका पानावर तीन प्रश्नांची उत्तरे असावीत: काय साधायचे होते, कोठे अडले, पुढच्या वेळी काय वेगळे करणार? त्यावर शिक्षकाने पंधरा मिनिटे बोलावे. सर जे. जे. कलाशाळेला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि अभ्यासक्रम स्वतः आखण्याची मोकळीकही आली. तिचा उपयोग नव्या विषयांची नावे वाढविण्यापुरताच न होता, फसलेल्या कामालाही शिक्षणात मानाचे स्थान देण्यासाठी झाला, तर इतर कलामहाविद्यालयेही त्या वाटेने जातील. विद्यार्थी प्रदर्शनासाठी नव्हे, तर प्रदर्शन विद्यार्थ्यासाठी असते, याचे भान कलाशाळांनी सोडू नये.