करंजीतली साखर आणि रिकामे बाक

दिवाळीच्या अंकात कडू बोलू नये, असा संकेत आहे. पण विषयच साखरेचा निघाला; त्याला माझा इलाज नाही.

महाविद्यालयांतील मुलेमुली हल्ली अन्नाचा विचार करू लागली आहेत. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ज्वारी-बाजरीची प्रदर्शने जागोजाग भरतात. त्यावर आमच्या माजलगावातले सद्गृहस्थ नाक मुरडतात : "पोरांनी अभ्यास करावा. ताटात काय आहे, ही उठाठेव त्यांना कशाला?"

या गृहस्थांना मी साताऱ्याची आठवण देतो. १९२४ साली भाऊराव पाटलांनी तेथे वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, आपले अन्न आपण रांधत, कष्ट करून शिकत. त्या ताटाने जे शिकवले, ते कोणत्या क्रमिक पुस्तकाने शिकवले? अन्नाची उठाठेव हाच तो अभ्यास होता!

तेव्हा मी मुलांच्या बाजूचा आहे. आणि म्हणूनच माझे खरे भांडण मुलांशी आहे.

नाचणीचे लाडू मांडून चळवळ होत नाही. सिंदफणेवर धरण झाले, आमच्या शिवारात ऊस आला. ऊस वर्षभर रानात उभा राहून पाणी पितो. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर पोसते. माणसाला भाकरी देते, बैलाला कडबा देते. आधी या पाण्याचा हिशेब मांडा.

दुसरा हिशेब घामाचा. दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'! मुकादमाची उचल अंगावर असते; ती फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा एवढा बोभाटा झाला, की २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सुट्टी संपवून मी वर्गात जातो, तेव्हा हजेरीत काही नावांना ओच येत नाही. ती मुले आईबापांबरोबर फडावर असतात. आपल्या करंजीच्या सारणात त्या रिकाम्या बाकांचाही वाटा आहे.

मुलांनो, राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तिच्या सात दिवसांच्या शिबिरात नुसत्या भिंती रंगवू नका. कोणत्या घरचे मूल फडावर जाते, त्याची यादी करा. हंगामी वसतिगृहात त्याची सोय होते की नाही, ते पाहा; संध्याकाळी त्याला शिकवा. उपाहारगृहात आठवड्यातून एक दिवस भाकरी मागा, आणि तिची ज्वारी शेतकऱ्याला परवडेल त्या भावाने घ्या.

आणि गृहस्थहो, आपण? करंजी खाऊ नका, असे मी म्हणत नाही. मीही खाणार आहे. पण खाताना पोराने विचारले, "बाबा, या साखरेचा ऊस कोणी तोडला?" तर "अभ्यास कर" म्हणून त्याला गप्प बसवू नका.

तो अभ्यासच करीत आहे.