शेवट गोड, हिशेब अपुरा

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत गुन्हेगार शेवटी सापडतोच. गुप्तहेर धनंजयनं हात टेकले आणि खुनी मोकाट सुटला, असं घडत नाही. प्रत्यक्षात किती गुन्हे उलगडतात हे वाचकाला चांगलं ठाऊक असतं. तरीही अशा पुस्तकांमुळे लोकांच्या पोलिसांकडून भलत्या अपेक्षा वाढतील, अशी काळजी कुणी वाहिल्याचं ऐकिवात नाही. प्रेमकादंबरीच्या वाट्याला ही सवलत आली नाही. नायक-नायिका शेवटी एकत्र आले की ते पुस्तक खोटं ठरतं आणि वाचणारी भाबडी. या शेऱ्यामागे एक गृहीतक असतं: प्रेम टिकतच नाही, म्हणून ते टिकेल असं सुचवणारं पुस्तक फसवं. हे गृहीतक तपासून न बघताच आपण पिढ्यान्‌पिढ्या नाकं मुरडत आलो आहोत. माझ्या मते प्रेमकादंबरीचा गोड शेवट हा तिच्यातला सर्वांत कमी खोटा भाग आहे. ती लबाडी करते, पण दुसरीकडे.

ही नाकं मुरडण्याची सवय जुनी आणि आंतरराष्ट्रीय आहे. खुद्द जॉर्ज एलियटनं १८५६ मध्ये बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या भाबड्या कादंबऱ्यांची खिल्ली उडवणारा निबंध लिहिला होता. पुढे १९०८ मध्ये सुरू झालेली मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था तर अशा पुस्तकांचं दुसरं नावच बनली. मराठीत ना. सी. फडक्यांवर ‘कलेसाठी कला’ म्हणून टीकेचा भडिमार झाला हे खरं, पण ते १९४० मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषणही मिळालं. कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे यांची पुस्तकं वाचनालयांत हातोहात फिरून खिळखिळी झाली, पण त्यांच्यावर वाद घालावा असंही समीक्षेला फारसं वाटलं नाही. चंद्रकांत काकोडकरांच्या वाट्याला समीक्षेऐवजी अश्लीलतेचा खटला आला; त्यातून सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये त्यांची सुटका केली. अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेनं १९८४ च्या आपल्या पुस्तकात वेगळी वाट धरली. पुस्तकांवर शेरे मारण्याआधी ती एका शहरातल्या वाचक बायकांशी बोलली. त्या बायका भाबड्या नव्हत्या. कथा कल्पित आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावर पुस्तक उघडणं म्हणजे ‘आता मला कुणी हाक मारू नका’ असं जाहीर करणं होतं, आणि त्यांना आवडणारा नायक होता तो नायिकेकडे लक्ष देणारा.

आता प्रेम टिकतं का, या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २७४ विवाहितांना जोडीदारावर किती प्रेम आहे असं विचारलं. लग्नाला दहा वर्षांहून अधिक काळ झालेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांनी ‘अतिशय उत्कट’ हे मोजपट्टीवरचं सर्वांत वरचं उत्तर निवडलं. लोक स्वतःबद्दल जरा चढवून सांगतात, हा आक्षेप रास्त आहे. पण निम्मी उत्तरं फुगवलेली मानली, तरी उरलेला आकडा ‘टिकतच नाही’ या ठाम विधानाला पुरेसा छेद देतो. बिआंका असेवेडो आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी त्याआधी, २००९ मध्ये, अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन एक उपयुक्त फरक दाखवला होता. सुरुवातीच्या प्रेमात ओढ असते आणि धास्तीही असते: ती काय म्हणाली, तो का बोलला नाही, याचा अखंड घोर. काळाबरोबर विरतो तो मुख्यतः हा घोर. ओढ, आस्था, शरीराचं आकर्षण काहींच्या बाबतीत उरतं. आपण धास्ती गेली की प्रेम गेलं असं समजतो, कारण कवितेनं आणि सिनेमानं धास्तीलाच प्रेमाची खूण मानायला शिकवलं आहे. मधली तीनशे पानं गैरसमजांवर रेटणारी प्रेमकादंबरीही या शिकवणीत सामील आहेच.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं: प्रेम लग्नाआधी शोधायचं नसतं, ते लग्नानंतर वाढतं. त्यासाठी जयपूरच्या पन्नास जोडप्यांवरचा १९८२ चा एक अभ्यास हमखास पुढे केला जातो. त्यात प्रेमविवाहांतली प्रीती वर्षांगणिक ओसरताना आणि ठरवून केलेल्या लग्नांतली वाढताना दिसली होती. पण पन्नास जोडप्यांवरून किती बोलावं, हा प्रश्न आहे. शिवाय एकाच जोडप्याच्या मागे वर्षानुवर्षं राहून ही वाढ मोजलेली नव्हती, कमी-अधिक वर्षांचे वेगवेगळे संसार शेजारी ठेवून ती ताडली होती. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या विवाहितांवर २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेमाचा किंवा समाधानाचा फरक आढळला नाही. आपल्या कमी घटस्फोटांचा दाखलाही असाच लंगडा आहे. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटितांची संख्या साडेतेरा लाखांच्या घरात होती आणि घटस्फोट न घेता विभक्त राहणाऱ्यांची त्याच्या अडीच पटींहून जास्त. घर सुटल्यावर जायला जागा नाही, पोटगीसाठी हेलपाटे घालायची ताकद नाही, माहेरची दारं लोटलेली, म्हणून लग्नं टिकतात. असं टिकणं प्रेमाच्या खात्यावर जमा करता येत नाही. ठरवून केलेल्या लग्नांत प्रेम नसतं, असा याचा अर्थ नाही. लग्न कसं जुळलं, यावर प्रेमाच्या आयुष्याचा अंदाज बांधता येत नाही, एवढंच.

मग कशावर बांधता येतो? त्या चाळीस टक्क्यांच्या पाहणीत उत्कट प्रेमाबरोबर ज्या गोष्टी आढळल्या, त्या अगदी साध्या होत्या: जोडीदाराबद्दल मनात चांगले विचार येणं, मायेचा स्पर्श, दोघांनी मिळून काही नवं करणं. यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. पण या सगळ्यांना वेळ आणि चित्त लागतं, हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही. आणि वेळेची वाटणी कशी आहे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या बिनपगारी कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. प्रेमकादंबरीची लबाडी इथे आहे. नायक नायिकेकडे लक्ष देतो, तिच्या डोळ्यांतलं पाणी ओळखतो, हे ती तपशिलानं रंगवते. लग्नानंतर हे लक्ष पुरवायला त्याला काय करावं लागेल आणि तिच्या वाट्याचं काय कमी व्हावं लागेल, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. जातीबद्दलही तेच. आपल्याकडे आंतरजातीय लग्नं शंभरात पाचच्या आसपास असताना कितीतरी कादंबऱ्यांत प्रेमाची वाट अडते ती चुकीच्या हाती पडलेल्या पत्रानं.

अशी पुस्तकं मुलींच्या अपेक्षा वाढवतात, असा आक्षेप यावर उरतो. वाढवत असतील, पण अपेक्षा कुठली, हेही बघावं. नवऱ्यानं आपलं ऐकावं, आपल्याशी बोलावं, दमून आल्यावर विचारपूस करावी, ही मागणी अवास्तव ठरवली जाते, तेव्हा चूक मागणीत आहे की पुरवठ्यात? मुलाच्या अपेक्षांची यादी तर लग्नाच्या जाहिरातीत उघड छापली जाते: रंग, उंची, शिक्षण, ‘गृहकृत्यदक्ष’. त्या अपेक्षा कुठल्या कादंबऱ्या वाचून वाढल्या, हे कुणी विचारत नाही. हटवादी, अंगावर धावून येणाऱ्या नायकाचं कौतुक करणारी पुस्तकं आहेत आणि त्यांना झोडपलंच पाहिजे. पण रॅडवेच्या वाचकांनाही तसला क्रूर नायक नकोच होता. समीक्षकांच्या आधी त्याच त्याला नापास करून मोकळ्या झाल्या होत्या.

लग्नानंतरचं प्रेम मराठीत लिहिलंच गेलं नाही, असं मात्र नाही. गौरी देशपांडे, सानिया, आशा बगे यांनी जुन्या झालेल्या नात्यांचा ठाव घेतला, आणि त्याला आपण आदरानं साहित्य म्हटलं. लग्नाआधीचं प्रेम लिहिणाऱ्यांच्या वाट्याला करमणूक हे लेबल आलं. वाचकाला दोन्हींची गरज असताना कपाटं वेगळी पडली. तिसरं कपाट टीव्हीवरच्या मालिकांचं. त्या लग्नानंतरही वर्षानुवर्षं चालू राहतात, पण त्यांत बहुतेकदा सगळा निभाव सुनेच्या सोशिकपणावर लागतो आणि नवरा दिवाणखान्यात हतबल उभा असतो. स्वयंपाक, धुणी, आजारपणं यांची वाटणी हाच ज्यातला अडथळा आहे आणि ती सुटली म्हणून दोघांचं पुन्हा जुळतं, अशी सरळ, रंजक, वाचनालयात फाटेपर्यंत फिरणारी कादंबरी मराठीत सहज खपावी. आजवर प्रेमकादंबऱ्या ज्यांनी खपवल्या, त्याच ती मागून नेतील.