एका टेबलाची वर्गणी

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या चाळीतल्या एका सुनेला दुसरी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. मी हॉस्पिटलात भेटायला गेले तर सासूबाई जिन्यातच बसलेल्या. जेवणाचा डबा पिशवीत तसाच. "काय झालं मावशी?" म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "काय व्हायचं? हिनं पुन्हा मुलगीच दिली. माझ्या लेकाचं नशीबच फुटकं." आत सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मी मावशींच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हटले, "मावशी, मुलगा की मुलगी हे आईवर नसतं. ते बापाकडून येतं." मावशींनी माझ्याकडे रोखून पाहिले. म्हणाल्या, "हे तुला कुणी सांगितलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. शाळेच्या पुस्तकात आहे, डॉक्टर सांगतात, एवढेच उत्तर मला तेव्हा सुचले. पण पुस्तकात ते आले कुठून? कुणीतरी ते शोधून काढले असेल. आणि शोधणाऱ्याला बसायला जागा, पाहायला यंत्र आणि पोटाला दोन घास कुणीतरी पुरवले असतील. आज त्याचीच हकीगत सांगते. ती एका टोप्या शिवणाऱ्या मुलीपासून सुरू होते.

तिचे नाव आयडा हाइड. जन्म १८५७ चा, अमेरिकेतल्या आयोवा प्रांतातला. आईवडील जर्मनीतून आलेले. वयाच्या सोळाव्या वर्षी ती शिकागो शहरात बायकांच्या टोप्या बनविण्याच्या कामावर उमेदवार म्हणून लागली. तिथे खोकी उघडताना तिच्या हाती हम्बोल्ट नावाच्या शास्त्रज्ञाचे निसर्गावरचे पुस्तक लागले. ते वाचून तिला शिक्षणाची ओढ लागली. दिवसा काम, रात्री वर्ग, असे करून पैसा-पैसा जमवीत वयाच्या चोविसाव्या वर्षी ती कॉलेजात गेली. वर्षभरात पैसे संपले. मग सात वर्षे शाळेत मुले शिकविली, पुन्हा पैसे साठविले आणि पुन्हा कॉलेजात गेली. पदवी मिळाली तेव्हा तिची तिशी उलटली होती.

पुढे १८९३ साली पदवीधर स्त्रियांच्या एका संघटनेने तिला शिष्यवृत्ती दिली आणि ती जर्मनीत गेली. स्ट्रासबर्गच्या विद्यापीठाने तिला परीक्षेला बसू दिले नाही. का, तर बाई म्हणून. मग ती हायडलबर्गला गेली. तिथले शरीरशास्त्राचे नामांकित प्राध्यापक क्यूने यांनी आपल्या वर्गात व प्रयोगशाळेत तिला येऊ दिले नाही. त्यांच्या सहायकांनी उतरवून घेतलेल्या वह्यांवरून तिने अभ्यास केला आणि १८९६ साली पीएच.डी. मिळविली. दाराबाहेर उभे राहून शिकणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे त्याच क्यूने यांनी तिची लायकी पाहून तिला इटलीतल्या नेपल्स शहरी पाठविण्याची शिफारस केली. तिथे समुद्रकाठी अँटोन डोर्न या शास्त्रज्ञाने १८७२ साली एक संशोधन केंद्र स्थापन केले होते. केंद्राचा खर्च चालविण्याची पद्धत मोठी व्यवहारी होती. वेगवेगळ्या देशांची सरकारे आणि विद्यापीठे तिथले एकेक 'टेबल' वर्षाच्या भाड्याने घेत. टेबल म्हणजे नुसते लाकडी मेज नव्हे. बसण्याची जागा, सूक्ष्मदर्शक, रसायने, समुद्रातून रोज ताजे आणून दिलेले जीव आणि ग्रंथालय, एवढे सगळे त्यात आले. भाडे वर्षाला सुमारे ५०० डॉलर. हाइडबाई बसली ते टेबल हायडलबर्गचे होते. म्हणजे तेही उसने.

भगिनींनो, इथे या बाईचे मोठेपण दिसते. स्वतःला जागा मिळाली, आता बाकीच्यांचे त्या बघतील, असे ती म्हणाली नाही. स्त्रियांच्या हक्काचे एक टेबल असावे, असे तिने मनात घेतले. अमेरिकेत परतल्यावर १८९७ च्या सुमारास तिने स्त्रियांच्या कॉलेजांच्या प्रमुख बायकांना आणि पदवीधर स्त्रियांच्या संघटनेला हाताशी धरले आणि एक मंडळ उभे केले. स्त्रियांच्या शास्त्रीय संशोधनाला साह्य करणे एवढाच त्याचा हेतू. नाव मात्र त्या टेबलावरूनच पडले, नेपल्स टेबल असोसिएशन.

पैसा कसा जमविला ते नीट पाहण्यासारखे आहे. 'स्त्रियांच्या उन्नतीसाठी मदत करा' अशी मोघम हाक त्यांनी दिली नाही. एक टेबल, एक वर्ष, ५०० डॉलर, हा हिशेब समोर ठेवला. एका संस्थेला तो भारी वाटला असता, म्हणून वर्षाची वर्गणी ५० डॉलर ठरली. दहा वाटे झाले की टेबल मिळाले. ब्रिन मॉर, स्मिथ, व्हासर, वेलस्ली अशी स्त्रियांची कॉलेजे त्यात होती, पदवीधर स्त्रियांची संघटना होती. आणि वर्गणी एकदाच देऊन मोकळे व्हायचे नव्हते. ती दरसाल द्यायची, म्हणजे दरसाल टेबल मिळायचे.

टेबलाबरोबर मंडळाने आणखी एक गोष्ट केली. एखाद्या स्त्रीने प्रयोगशाळेत केलेल्या उत्तम संशोधनाला १००० डॉलरचे बक्षीस ठेवले. १९०३ साली ते फ्लॉरेन्स सेबिन हिला मिळाले. हीच सेबिन पुढे १९२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीत निवडून गेलेली पहिली स्त्री ठरली.

आणि १९०५ साली ते बक्षीस मिळाले नेटी स्टीव्हन्स या बाईला. आता मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आले.

नेटी ही सुताराची मुलगी, जन्म १८६१ चा. तिनेही आधी शाळेत शिकवून पैसे साठविले आणि पस्तिसाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातले. तीही काही काळ नेपल्सच्या त्या केंद्रात काम करून आली होती. बक्षीस मिळाले ते माव्यावरच्या अभ्यासाला. मावा म्हणजे आपल्या पिकावर, गुलाबावर पडतो तोच. पण त्याच वर्षी तिने पिठात-धान्यात होणाऱ्या एका किड्यावरचे संशोधनही छापले. त्या कामाला पैसा दुसऱ्या संस्थेचा होता, हेही सांगितले पाहिजे. तिला दिसले ते असे. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. नराचे निम्मे बीज मोठे गुणसूत्र घेऊन जाते, निम्मे लहान. लहान मिळाले तर नर होतो, मोठे मिळाले तर मादी. मादीच्या अंड्यात फरक नसतोच, फरक असतो तो नराच्या बीजात. त्याच सुमारास विल्सन नावाचे शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाजवळ पोचले होते. पुढे माणसातही तसेच असल्याचे सिद्ध झाले. आईकडून नेहमी एक्स मिळतो. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. आणि काय पाठवायचे हे बापाच्याही हातात नसते. म्हणजे दोष सुनेचा नाही आणि लेकाच्या नशिबाचाही नाही. मुळात मुलगी हा दोषच नाही.

नेटीला पुढे ब्रिन मॉर कॉलेजाने संशोधनाची खास जागा देऊ केली. पण स्तनाच्या कर्करोगाने ती १९१२ साली वारली. त्या जागेवर तिला बसता आले नाही. कामाला मिळाली ती जेमतेम दहा-बारा वर्षे. आधीची वर्षे कशात गेली? फीचे पैसे जमविण्यात. ती वर्षे वाचावीत म्हणून तर हाइडबाईने वर्गणीचा खटाटोप केला होता.

ते मंडळ १९३२ च्या सुमारास बंद झाले. स्त्रियांना आता संशोधनात पुरुषांच्या बरोबरीने संधी मिळते, आपले काम झाले, असे त्यांनी ठरविले. मला वाटते, इथे त्यांनी घाई केली. प्रयोगशाळेचे दार उघडले होते, पण प्राध्यापकाच्या खुर्च्या पुढे कितीतरी वर्षे बायकांना मिळत नव्हत्या. हाइडबाईने मात्र पुढेही स्वतःचा पैसा मुलींच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन ठेवला. ती १९४५ साली वारली.

शिष्यवृत्तीचे मोल आपल्याला कुणी सांगायला नको. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले नसते तर आपण आज कुठे असतो? पण आपल्या वस्तीत वर्गणी निघते ती बहुधा मंडपाला, लाउडस्पीकरला, रोषणाईला. त्यालाही माझी ना नाही, आनंद हवाच. पण त्याच वहीत एक वेगळे पान असू द्या. 'मुलींच्या शिक्षणाला मदत' एवढेच लिहून भागणार नाही. अमक्या मुलीची वर्षाची फी एवढी, पुस्तके एवढी, बसचा पास एवढा, असा आकडा लिहा. त्याचे दहा वाटे करा. मुलगी कुणाची, हे न बघता अभ्यास बघा. वर्षअखेरीला हिशेब भिंतीवर लावा. आणि एक मुलगी पदवीधर झाली की "झाले आपले काम" म्हणून वही मिटू नका.

एखादी म्हणेल, आमच्या दहा-वीस रुपयांनी काय शोध लागणार? शोध कुणाच्या हातून लागेल, हे त्या ५० डॉलर देणाऱ्यांनाही माहीत नव्हते. त्यांनी फक्त टेबल रिकामे राहू दिले नाही.

त्या दिवशी मावशींना यातले थोडेच सांगता आले होते. परवा बाळाच्या नामकरणाला गेले तेव्हा बाळ मावशींच्याच मांडीवर होते. सुनेचा नवरा शेजारी उभा होता. मी सगळी हकीगत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी त्याने बायकोकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "हे हॉस्पिटलातच कळायला हवं होतं."

मावशी काही वेळ गप्प बसल्या. मग बाळाच्या डोक्यावरचे टोपडे सरळ करीत विचारते झाल्या, "तुमच्या त्या टेबलाची वर्गणी किती म्हणालीस?"