एक धक्का की दोन?

दिवाळी अंकात चकलीचे, कंदिलाचे, फार तर सुनेच्या पहिल्या पाडव्याचे लिहावे, हे मला का कळत नाही? पण वर्षभर ह्या पानावर भेटणाऱ्या मैत्रिणींपैकी निदान चौघींनी मला विचारले, "अहो, त्या गाडीचे पुढे काय झाले?" तेव्हा यंदाच्या फराळाच्या ताटात विम्याचे कारले वाढते आहे. गोड मानून घ्या.

झाले ते एवढेच. २०२४ चा ऑक्टोबर. दसरा आठवड्यावर आला होता. नळ स्टॉपच्या अलीकडे तांबडा दिवा लागलेला, पुढे एका वयस्कर गृहस्थांची पांढरी गाडी, तिच्यामागे आमची. गाडी मी चालवत होते. शेजारी हे. आम्ही उभे होऊन दिव्याचे आकडे साठावरून चाळिसावर आले असतील, तोच मागून पाण्याचे जार भरलेला एक टेम्पो आमच्या डिकीत शिरला. आमची गाडी तशीच पुढे सरकून पांढऱ्या गाडीला टेकली. टेकली म्हणते खरी, पण त्यांचा मागचा बंपर फुटला, आमची पुढची नंबरप्लेट दुमडली आणि डिकी तर हातभर आत गेली. डॅशबोर्डावर ह्यांच्या चष्म्याचे घर असते, ते उडून माझ्या मांडीवर येऊन पडले.

टेम्पोवाला पोरगा विशीतला. खाली उतरून "काकू, ब्रेकच लागला नाही हो," म्हणून रडकुंडीला आला. मागच्या गाड्यांनी कर्ण्यांचा कल्लोळ मांडला. "अगं, आधी गाडी बाजूला घे," हे म्हणाले. म्हटले, थांबा. तिन्ही गाड्या आहेत तशा उभ्या असताना मी मोबाइलवर नऊ फोटो काढले, मग बाजूला घेतली. पोलीस चौकीत नोंद केली, टेम्पोचा नंबर आणि विम्याचा कागद उतरवून घेतला, पुढच्या गृहस्थांचा पत्ता घेतला. टेम्पोच्या मालकाने फोनवर त्या गृहस्थांचा खर्च देण्याचे कबूलही केले. प्रकरण मिटले असे वाटून आम्ही घरी आलो.

दोन दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजमध्ये आला. माणूस सभ्य. गाडीभोवती फिरला, मागचे पाहिले, पुढचे पाहिले, आणि ह्यांना विचारले, "गाडी साहेबच चालवत होते ना?"

"नाही, मी," मी म्हटले.

"अस्सं," तो म्हणाला, आणि कागदावर काहीतरी लिहिले.

ते "अस्सं" मी सव्वीस वर्षे ऐकते आहे. पेट्रोलपंपावर ऐकले आहे, सोसायटीच्या वाहनतळात ऐकले आहे. पण ते कागदावर उतरलेले पहिल्यांदाच पाहिले. कंपनीच्या पत्रात मजकूर असा होता की, विमेदाराची गाडी प्रथम पुढील वाहनावर आदळली, त्यानंतर मागून टेम्पो धडकला. सबब हे दोन स्वतंत्र अपघात असून दोन वेगळे क्लेम धरण्यात येत आहेत.

आता इथे जरा बारकावा समजून घ्या, कारण तो मलाही आधी ठाऊक नव्हता. आपल्याकडे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असला, तर चूक कोणाची हे कंपनी सहसा विचारतच नाही. दोष आपला असला तरी भरपाई मिळते. मात्र प्रत्येक अपघातामागे ठरावीक रक्कम आपल्या खिशातून जाते, पंधराशे सी. सी. पर्यंतच्या गाडीला ती एक हजार रुपये. शिवाय प्लॅस्टिक-रबराच्या भागांची निम्मी किंमत झीज म्हणून कापतात, काच तेवढी पुरी मिळते. (झीज न कापण्याची जादा सोय विकत घेतली असेल तर गोष्ट निराळी.) म्हणजे एकाचे दोन अपघात झाले की आमचे नुकसान किती? हजार रुपये.

"हजार रुपयांसाठी कोण भांडत बसणार?" हे म्हणाले. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाने हजाराला "हजार रुपयांसाठी" म्हणावे, ह्याचे मला नवल वाटले. पण प्रश्न हजाराचा राहिलाच नव्हता. सर्व्हेअरने चौकशीसाठी टेम्पोच्या मालकालाही फोन केला होता. त्यानंतर तो मालक पुढच्या गृहस्थांना म्हणू लागला, "बाईच आधी तुमच्यावर धडकल्या, कंपनीच तसं म्हणतेय. त्यांच्याकडून घ्या." त्या बिचाऱ्यांचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, संकोच होता. तोच मला अधिक लागला. मी न केलेली चूक एका ओळीने माझ्या नावावर चढली होती आणि ती हातोहात फिरू लागली होती.

मग मी बसले. पहिले काम, सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागितली. ती मागण्याचा विमेदाराला हक्क आहे. "तशी पद्धत नाही" हे उत्तर ऐकून फोन ठेवायचा नसतो. तीन पत्रांनी प्रत आली. तिच्यात दोन अपघातांचे कारण एकच दिले होते: पुढे आणि मागे दोन्हीकडे नुकसान आहे. बस्स. अहो, मधल्या गाडीला दोन्हीकडे नुकसान होणार नाही तर काय एकाच बाजूला होणार? सँडविचला विचारा!

पण तोंडच्या युक्तिवादाला कंपनी भीक घालत नाही, तेव्हा मी पुरावा मांडला. पुढच्या गृहस्थांना म्हटले, तुम्हाला आठवते तेवढेच लिहून द्या. त्यांनी लिहिले की, दिव्याला उभा असताना धक्का बसला तो एकच. साऱ्या प्रकरणाची किल्ली ह्या एका ओळीत होती. मी आधी आदळले असते आणि टेम्पो मागाहून आला असता, तर त्यांना दोन धक्के जाणवले असते, एक माझा आणि एक टेम्पोने दिलेला. शिवाय आमच्या मागच्या बाजूचे बिल चौऱ्याहत्तर हजार आणि पुढच्या बाजूचे अकरा हजार. जोर कुठून आला हे ह्या आकड्यांवरून शाळकरी मुलानेही सांगावे. चालकाची खुर्ची पाठीमागे कलली होती, तिचा फोटो जोडला. चष्म्याच्या घराचेही लिहिले: गाडी पुढे जाऊन आधी आदळली असती तर ते काचेकडे सरकले असते, मागून रेटा आल्यामुळे गाडी त्याच्या खालून पुढे निघाली आणि ते माझ्याकडे आले. हे वाचून ह्यांना हसू आले. "तुझ्या पत्रात माझा चष्मा साक्षीदार!" पण पत्र टाइप करून दिले ते ह्यांनीच.

कायद्याचाही आधार घेतला. पुढचे वाहन एकाएकी थांबले तरी टक्कर होऊ नये इतके अंतर मागच्या चालकाने राखले पाहिजे, हा नियम १९८९ च्या वाहतूक विनियमांत होता आणि २०१७ च्या नव्या विनियमांतही आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ट्रकमागे दहा-पंधरा फुटांवरून येणाऱ्या मोटारीचे अंतर अपुरे मानले होते. तिथे पुढचे वाहन निदान चालते तरी होते. आम्ही तर जागच्या जागी उभ्या होतो. आणि सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, असेही त्याच न्यायालयाने २००९ साली सांगून ठेवले आहे. ह्या दोन गोष्टी वकिलाच्या भाषेत नव्हे, साध्या मराठीत लिहिल्या.

हे सारे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवले. खाली एक ओळ घातली की, महिन्याभरात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे जाईन. ह्या लोकपालांची माहिती आपल्या घरोघरी असायला हवी. १९९८ पासून ही व्यवस्था आहे, मुंबईत आहे, पुण्यातही आहे. फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि तिने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर वर्षाच्या आत तिथे अर्ज करायचा. मला तिथवर जावे लागले नाही. एकविसाव्या दिवशी पत्र आले: सदर घटना एकच अपघात म्हणून गृहीत धरण्यात येत आहे. दिलगिरीचा शब्द नाही, "प्रथम आदळली" ह्याचा उल्लेखही नाही. त्याची झेरॉक्स मी पुढच्या गृहस्थांना नेऊन दिली, आणि त्यांनी ती टेम्पोच्या मालकासमोर ठेवली. पैसे दोन हप्त्यांत का होईना, पण त्यांना मिळाले.

एक घास मात्र घशात अडकलेलाच आहे. पाच वर्षे क्लेम न केल्यामुळे आम्हाला विम्याच्या हप्त्यात, म्हणजे त्यातल्या आपल्या गाडीच्या नुकसानीपुरत्या भागात, पन्नास टक्के सूट होती. ती एका फटक्यात शून्यावर आली. चूक टेम्पोची आणि सूट गेली आमची! कंपनीत विचारायला गेले, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅडम, हा बोनस क्लेम न केल्याचा आहे, चूक न केल्याचा नाही." बोलणे चोख होते. म्हणून सांगते, किरकोळ ओरखडा असला तर क्लेमआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. गेलेली सूट भरपाईपेक्षा जड भरते की काय ते पाहा. ती राखून ठेवण्याची जादा सोय थोडे पैसे भरून मिळते, ती आम्ही यंदा घेतली.

आणि सोसायटीत कोणाच्या गाडीला खरचटले की हल्ली हेच पुढे होऊन सांगतात, "आधी फोटो काढा. आमच्या वेळी आम्ही नऊ काढले होते."