मुलं किती, ते नंतर बोलू



मागच्या चातुर्मासात आमच्या स्थानकात व्याख्यान संपल्यावर समाजाचे एक कार्यकर्ते बोलायला उभे राहिले. आपला समाज मागे पडतोय, तरुण जोडप्यांनी निदान तीन मुलं होऊ द्यावीत, असं त्यांचं सांगणं. पुरुषांच्या बाजूला माना हलल्या. आमच्या बाजूला सगळ्या गप्प. शेजारी एक ओळखीची सून वर्षाचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती, ती हळूच उठून बाहेर गेली.

भाऊंची काळजी खोटी नव्हती. मी कॉमर्सची, आकडे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, आपली फक्त ५.४ टक्क्यांनी. लोकसंख्या टिकायची तर बाईमागे सरासरी २.१ मुलं लागतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या समाजाचा आकडा १.६ आहे. पण हे आपल्यापुरतंच नाही. त्याच पाहणीत अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा १.७ आहे. आणि एक आकडा भाऊंनी सांगितला नाही. २०११च्या जनगणनेत आपल्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८८९. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्यांचा हिशोब कोणी द्यायचा?

आम्ही स्वारगेटला राहतो. एका अंगाला एसटी स्टँडची वर्दळ, आता मेट्रोही आली. आमच्या इमारतीत चौदा घरं आहेत. चार घरांत एकट्या बाया राहतात. एकटा पुरुष एकाही घरात नाही. यात नवल नाही. नवरा वयाने मोठा, आणि बाईचं आयुष्य जास्त. त्याच्या शेवटच्या आजारपणात बायको उशाशी असते. तिच्या आजारपणात कोण? सून, लेक, नाहीतर ब्यूरोची बाई. म्हणजे पुन्हा बाईच. आणि ती ब्यूरोची बाई स्वतःची लेकरं आपल्या सासूवर टाकून आलेली असते.

माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणावर होत्या. पेज भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन, रात्रीची जागरणं सगळं मी केलं. केलं याचं दुःख नाही, त्यांनीही मला जीव लावला होता. आमचे हे आईवर माया करणारे. औषधं आणायचे, बिलं भरायचे, जवळ बसून स्तवन म्हणायचे. पण चार वर्षांत एकदाही त्यांनी आईचे कपडे बदलले नाहीत. मीही कधी सांगितलं नाही. ही माझीही चूक.

आता सून हिंजवडीला नोकरी करते. घरी यायला आठ वाजतात. माझा चौविहार, म्हणून माझा स्वयंपाक मी दिवसाउजेडी करते, तिचा ती आल्यावर. नात पाच वर्षांची. मागच्या दिवाळीत मी तिला विचारलंच, "आता दुसरं कधी?" ती चिडली नाही. म्हणाली, "मम्मी, तुमचे गुडघे गेलेत, माझ्या आईचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्याला हात कुणाचे?" मला उत्तर देता आलं नाही.

सरकारने २०२४ साली कोण कशात किती वेळ घालवतं याची पाहणी केली. बिनपगारी घरकामात बाईची दिवसाला २८९ मिनिटं जातात. जे पुरुष अशी कामं करतात, त्यांची ८८. आपली सामायिक ४८ मिनिटांची. म्हणजे बाई रोज सहा सामायिकांएवढा वेळ घरात घालते, पुरुष जेमतेम दोन.

कोरियात मुलं व्हावीत म्हणून सरकारने वर्षानुवर्षं पैसा ओतला, तरी २०२४ साली तिथला आकडा होता ०.७५. जपानमध्ये म्हाताऱ्यांची सेवा सुनांवर पडायची. त्यांनी २००० साली सेवेचा विमाच सुरू केला. चाळिशीपासून बाई-पुरुष दोघंही हप्ता भरतात.

आपल्याकडे वैयावच्च म्हणजे सेवा, आणि सहा आभ्यंतर तपांत तिची गणना होते. हे तप फक्त सुनांनी करावं, असं कुठे सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. उपवासात, वर्षीतपात आपले पुरुष मागे नसतात. मग याच तपाला मागे का?

लेकीचंही तसंच. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या खटल्यात सांगितलं की वडिलांच्या पोटगीची जबाबदारी लेकीवरही येते. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच हक्क आहे. पण आपल्या घरांत सेवेला लेकीला हक्काने बोलावतात आणि वाटणीच्या वेळी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. अशाने लेक कोणाला हवीशी वाटेल?

मी काय केलं ते सांगते. आम्ही दोघांनी मृत्युपत्र केलं, लेक आणि मुलगा समान. घर दोघांच्या नावावर केलं, कारण मागे मीच उरण्याची शक्यता जास्त. आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर रात्री उठवायला मी सुनेला नाही, मुलाला हाक मारली. पहिल्या दिवशी तोही लाजला, मीही लाजले. चौथ्या दिवशी दोघंही सरावलो. सुनेला दुसरं हवं की नको, हे मी परत विचारलेलं नाही. ते त्या दोघांचं.

या चातुर्मासात ते भाऊ पुन्हा बोलले, तर मी उठून विचारणार आहे, "भाऊ, तुमच्या घरी आईचं कोण करतं?" तुम्हीही विचारा.